आठवणारी इशा आणि विसरलेला दुष्यंत

‘तुला पाहते रे’ ही मालिका झी मराठी वाहिनीवर २०१८ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि २०१९ च्या जुलैत संपली. दूरचित्रवाणीवरील मालिकेची दखल वाङ्मयीन त्रैमासिकाने घ्यावी काय, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. आम्हांलाही तो पडला होता. परंतु त्या वर्षात नगर जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामात संध्याकाळच्या गृहभेटींना निघालो की ज्या घरी जावे तेथे हीच मालिका चालू असे. फादर आले म्हणून आवाज बारीक होई, संच मात्र बंद होत नसे. एके रात्री कांद्याच्या खुरपणीवरून दमून आलेल्या एका मावशींनी आम्हांला विचारले, “फादर, त्या इशाला मागल्या जल्माचं समदं आठवतंय. मंग आपल्याला का न्हाई आठवत?” आम्ही प्रश्नोत्तरीतले उत्तर दिले. मावशींनी मान डोलावली. पण त्यांचे समाधान झाले नाही हे दिसत होते, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते. म्हणून हा लेखप्रपंच.

कथा थोडक्यात अशी. विक्रांत सरंजामे हा चाळिशी ओलांडलेला धनाढ्य उद्योजक आणि इशा निमकर ही मध्यमवर्गीय घरातली विशीतली मुलगी. दोघांचे प्रेम जुळते, विरोध होतो, विवाहही होतो. मग कळते की विक्रांतची पहिली पत्नी राजनंदिनी हिचा त्यानेच खून केला होता आणि इशा हा राजनंदिनीचाच पुनर्जन्म आहे. इशाला मागचे आठवू लागते व ती सूड घ्यायला उभी राहते. सुबोध भावे यांनी मायाळू आणि क्रूर असे दोन्ही विक्रांत समर्थपणे उभे केले. राजनंदिनीच्या भूमिकेत शिल्पा तुळसकर यांनी दाखविलेला संयम तर आमच्या विशेष लक्षात राहिला. गायत्री दातार या नवोदित अभिनेत्रीची इशा मात्र बुजरी असताना जितकी खरी वाटली तितकी सूडाच्या प्रसंगांत वाटली नाही. पुढे ही कथा ‘जोथे जोथेयली’ या नावाने कन्नडमध्येही गेली.

हा साचा नवा नाही. बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’ने (१९५८) आणि सुभाष घई यांच्या ‘कर्ज’ने (१९८०) तो प्रेक्षकांच्या अंगवळणी पाडला आहे. परंतु ‘मधुमती’त पुनर्जन्म ही कथेची केवळ चौकट आहे; गुन्ह्याचा कबुलीजबाब मिळतो तो त्याच जन्मात. ‘तुला पाहते रे’मध्ये पुनर्जन्म थेट कथेच्या गाभ्यात येऊन बसतो, आणि आमची पहिली तक्रार येथेच आहे. मालिकेने सुरुवातीला एक धीट प्रश्न विचारला होता. वयात वीस वर्षांचे अंतर, पैशांत त्याहून मोठे अंतर, अशा दोघांत निखळ प्रेम संभवते काय? प्रेक्षक या प्रश्नावर घराघरांतून भांडत होते. ती राजनंदिनीच आहे म्हटल्यावर हा प्रश्नच बाद झाला. शिवाय इशाचे काय? निमकरांनी काटकसर करून वाढवलेली, स्वतःच्या आवडीनिवडी असलेली ती मुलगी एकाएकी दुसरीच्या स्मृतींचे भांडे बनते. तिचा राग, तिचे धैर्य, काहीच तिचे उरत नाही. आईबापांच्या डोळ्यांदेखत त्यांची लेक नाहीशी होते आणि लेखकाला त्याची खंत नाही. राजनंदिनीला न्याय देताना इशावर झालेला हा अन्याय कोणाच्या ध्यानातही येऊ नये, याचे आम्हांला नवल वाटते.

पूर्वजन्माची आठवण नाटकात किती वेगळ्या रीतीने येऊ शकते हे पाहायचे तर कालिदासाकडे जावे लागते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचा प्रवाह सुरू झाला, तेच हे नाटक. मूळ नाटकाच्या पाचव्या अंकाच्या प्रारंभी दुष्यंत अंतःपुरातून येणारे हंसपदिकेचे गाणे ऐकतो आणि व्याकूळ होतो. आपला कोणा प्रियजनाशी वियोग झालेला नाही, मग हा जीव का कासावीस व्हावा? सुंदर काही पाहिले-ऐकले की मनाला नकळत जन्मांतरीचे स्नेह आठवत असावेत, असा तो तर्क करतो. या श्लोकाचे कौतुक रसिक शतकानुशतके करीत आले आहेत. आम्हीही सेमिनरीत संस्कृत शिकताना ते केले. त्यातली मेख मात्र आमच्या फार उशिरा ध्यानात आली. राजाला जे छळते आहे ते मागच्या जन्मातले नाहीच. ते याच जन्मातले, काही महिन्यांपूर्वीचे आहे आणि गर्भवती शकुंतलेच्या रूपाने दाराशी येऊन ठेपले आहे. ती समोर उभी राहते आणि राजा तिला ओळखत नाही.

महाभारतातील दुष्यंताला सारे आठवत असते आणि तरीही तो भर सभेत नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप योजून त्या लबाडीचे विस्मरण केले व राजाला वाचवले, असे टीकाकार म्हणतात. ते खरेच आहे. पण जाता जाता त्याने माणसाची एक खोड अचूक टिपली. या जन्मीच्या दुखऱ्या जागेला जन्मांतरीचे नाव दिले की ती सुंदर होते, आणि तिचा जाब द्यावा लागत नाही.

आम्ही ज्या जिल्ह्यात राहतो तेथे हा विषय केवळ रसिकतेचा नाही. नेवाशाला खांबाशी टेकून ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये गीतेवर भाष्य केले. तिच्या चौथ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात की तुझेमाझे अनेक जन्म झाले; मला ते आठवतात, तुला नाही. विसरणे हा तेथे मानवाचा धर्मच मानला आहे. पण ज्याला आठवत नाही त्याच्यासाठी दुसऱ्यांनी आठवायचे ठरवले म्हणजे काय होते, हे चोखोबांच्या नावावरील एका अभंगात दिसते. त्यात ते स्वतःच सांगतात की पूर्वी आपण नीळ होतो, कृष्णाची निंदा हातून घडली आणि म्हणून महाराचा जन्म आला. वेशीबाहेर ठेवलेल्या संताला आपल्या अपमानाचे कारण स्वतःच्याच न आठवणाऱ्या अपराधात शोधावे लागले. आमच्या धर्मग्रामांतील बहुसंख्य कुटुंबांचे पूर्वज महारवाड्यांतून व मांगवाड्यांतून आले. हा अभंग वाचताना आम्हांला परक्यासारखे राहता येत नाही. योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? जन्मतःच आंधळा असलेल्याने पाप केव्हा करावे, हे शिष्यांच्या मनात येत नाही. प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्याच्या डोळ्यांना चिखल लावतो.

पुनर्जन्माबाबत ख्रिस्तसभेची भूमिका वाचकांस ठाऊक आहे: मरण एकदाच आणि त्यानंतर न्याय. असे असूनही संत ऑगस्टिन आपल्या आत्मनिवेदनाच्या पहिल्याच भागात देवाला विचारतात की माझ्या बाल्यापूर्वी, आईच्या उदरापूर्वी मी कोठे होतो, कोणी होतो काय? उत्तर मिळत नाही आणि ते पुढे जातात. तेव्हा मावशींचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता.

मग ही मालिका एवढी का आवडली? प्रेमकथेमुळे, असे म्हणतात. आमचे मत निराळे आहे. मारली गेलेली बाई परत येते आणि साक्ष देते, हे पाहण्यासाठी बायका बसत होत्या. राजनंदिनीला भाऊ होता, घरदार होते, नोकरचाकर होते. त्यांतल्या एकानेही खुन्याला धरले नाही. मेलेलीलाच पुन्हा जन्म घेऊन यावे लागले. लेखकाने हे अगतिकपणे केले की जाणीवपूर्वक, ते आम्हांला मालिकेतून कळले नाही. जाणीवपूर्वक केले असते तर जिवंत माणसांच्या मौनावर निदान एक प्रसंग तरी आला असता.

दीक्षा होऊन दोन वर्षेही झाली नव्हती तेव्हा जिल्ह्यातल्या एका गावी आम्ही विहिरीत बुडून मेलेल्या एका सुनेचा अंत्यविधी केला. पाणी शेंदताना पाय घसरला, असे सासरची माणसे म्हणाली. पंचनामा झाला होता, कागद पुरे होते. कबरीपाशी तिच्या आईने आमचा झगा धरला आणि काही बोलू लागली. ऊन चढत होते, माणसे खोळंबली होती. आम्ही तिचा हात हळूच सोडवला आणि प्रार्थना पुढे चालू ठेवली. पुढे कित्येक वर्षे ती आई सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत आम्हांला दिसे. ती नमस्कार करी आणि गर्दीत पुढे जाई. त्या दिवशी ती काय सांगत होती, हे आम्ही तिला एकदाही विचारले नाही.