क्रियापदात काय मावते?

काही वर्षांपूर्वी बारावीच्या विद्यार्थ्यांच्या एका शिबिरात मी फळ्यावर एक उदाहरण लिहिले : ३० अंशांच्या उतारावरून एक भरीव चेंडू घरंगळत खाली येतो, तर त्याचे त्वरण किती? पुष्कळांचे उत्तर आले दर सेकंदास ४.९ मीटर प्रतिसेकंद. हे उत्तर घर्षण नसलेल्या उतारावरून घसरत येणाऱ्या ठोकळ्याचे आहे. चेंडू घरंगळत असेल तर ऊर्जेचा काही भाग त्याच्या स्वतःभोवती फिरण्यात जातो, त्वरण ५/७ पट होते आणि उत्तर ३.५ येते.

वह्या पाहिल्या तेव्हा उलगडा झाला. बऱ्याच जणांनी लिहून घेतले होते, 'चेंडू उतारावरून खाली येतो.' 'घरंगळत' वाटेतच गळून पडले होते! तेच उदाहरण इंग्रजीत 'अ बॉल रोल्स डाउन अॅन इन्क्लाइन' असे असते. त्यातला 'रोल्स' गाळून पाहा. वाक्यच उरत नाही. मराठीत मात्र 'घरंगळत' गाळले तरी वाक्य धडधाकट राहते.

हा फरक योगायोगाचा नाही. लेनर्ड टाल्मी या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने १९८५ साली एका दीर्घ लेखात त्याची मांडणी केली, १९९१ मध्ये तिला वर्गीकरणाचे रूप दिले आणि २००० साली दोन खंडांच्या ग्रंथात ती विस्ताराने सांगितली. ही मांडणी शिक्षकांच्या उपयोगाची आहे. पण ती आहे तशी स्वीकारावी का, हे तपासायला हवे.

टाल्मी म्हणतो, कोणत्याही हालचालीच्या वर्णनात मार्ग (आत, बाहेर, वर, खाली) आणि रीत (धावत, रांगत, घरंगळत) या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात. इंग्रजी रीत क्रियापदात भरते आणि मार्गासाठी 'इन', 'आउट', 'अप', 'डाउन' यांसारखे छोटे शब्द क्रियापदाभोवती ठेवते. या शब्दांना तो 'सॅटेलाइट', म्हणजे उपग्रह म्हणतो. स्पॅनिशसारख्या भाषा याच्या उलट वागतात. त्यांत मार्ग क्रियापदात जातो, आणि रीत सांगायचीच असली तर वेगळी सांगावी लागते. जगातील भाषा अशा रीतीने दोन खणांत लावता येतात, असा त्याचा दावा आहे.

प्रथम या मांडणीचे श्रेय. 'रन', 'वॉक', 'क्रॉल', 'रोल', 'जंप' ही पाच क्रियापदे आणि 'इन', 'आउट', 'अप', 'डाउन', 'अवे' हे पाच उपग्रह घ्या. दहा शब्दांतून पंचवीस जोड्या तयार होतात आणि हालचालीच्या अर्थाने त्या कोणालाही उलगडता येतात. आपल्याकडे मात्र 'क्रॉल आउट' आणि 'गिव्ह अप' एकाच यादीत घालून दोन्ही पाठ करायला लावण्याची सवय आहे. 'गिव्ह अप'चा अर्थ त्याच्या भागांवरून कळत नाही, तो पाठ करावाच लागतो. 'क्रॉल आउट' पाठ करणे म्हणजे बेरीज येत असताना बेरजांचे तक्ते घोकणे होय. टाल्मीमुळे या दोहोंतला फरक मुलांना दाखवता येतो.

आता अडचणी. या वर्गीकरणात मराठी कोठे बसते? चढणे, उतरणे, शिरणे, निघणे, ओलांडणे ही मार्गाची क्रियापदे आपल्याकडे भरपूर आहेत, म्हणून ती स्पॅनिशच्या खणात जावी. पण आपण बोलतो कसे? 'वर चढला', 'खाली उतरला', 'आत शिरला', 'परत फिरला'. मार्ग क्रियापदात आहेच, शिवाय बाहेरही आहे! मार्ग कोणत्या तरी एकाच जागी असणार, हे टाल्मीच्या प्रश्नातच गृहीत धरलेले आहे. मराठी तो बिनदिक्कत दोनदा सांगते. 'रिटर्न बॅक' आणि 'एंटर्ड इंटू द रूम' या आपल्या मुलांच्या नेहमीच्या चुकांची मुळे मला येथे दिसतात. 'एंटर' हे लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेले क्रियापद आहे. त्याच्या पोटात 'आत' आधीच आहे, म्हणून त्याला 'इंटू' लागत नाही. 'असेंड', 'डिसेंड' यांचीही घडण तशीच. म्हणजे खुद्द इंग्रजीतही दोन्ही पद्धतींचा शब्दसाठा आहे.

दुसरी अडचण अधिक मजेची आहे. 'चोर पळत गेला' आणि 'चोर पळून गेला' ही वाक्ये ताडून पाहा. पहिल्यात 'पळत' ही रीत आहे. दुसऱ्यात चोर मोटारीत बसूनही पळून जाऊ शकतो! तेथे 'पळून'चे काम जवळजवळ इंग्रजी 'अवे'सारखे झाले आहे. एकच धातू एका रूपात रीत सांगतो आणि दुसऱ्या रूपात सुटून दूर जाणे सांगतो. तेव्हा रीत आणि मार्ग ही शब्दांवर कायमची चिकटवलेली लेबले नव्हेत.

अशा अडचणी इतर अभ्यासकांनाही जाणवल्या आहेत. डॅन स्लोबिनने २००४ मध्ये चिनी, थाई अशा भाषांसाठी तिसरा खण सुचवला. बीव्हर्स, लेव्हिन आणि थाम यांनी २०१० साली असे दाखवले की बहुतेक भाषा एकाहून अधिक पद्धती वापरतात. भाषेजवळ कोणती साधने आहेत, यावर ते अवलंबून असते. मला हे दुसरे म्हणणे अधिक पटते. खण वाढवत नेण्यापेक्षा साधने मोजणे बरे.

तिसरी अडचण या मांडणीतून लोक काढतात त्या निष्कर्षाची आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांचे रीतीकडे अधिक लक्ष असते, म्हणून ते जगच वेगळे पाहतात, असे कधीकधी सांगितले जाते. पापाफ्रागू, हल्बर्ट आणि ट्रूजवेल यांनी २००८ साली ग्रीक आणि इंग्रजी भाषकांना हालचालींच्या चित्रफिती दाखवून त्यांच्या नजरेचा माग घेतला. ग्रीकमध्ये मार्ग बहुधा क्रियापदात जातो. दृश्याचे वर्णन करायचे आहे असे सांगितल्यावर प्रत्येक गटाची नजर आपल्या भाषेच्या क्रियापदाला हव्या असलेल्या गोष्टीकडे आधी गेली. केवळ पाहून लक्षात ठेवा असे सांगितले, तेव्हा हालचाल चालू असताना दोन्ही गट सारखेच पाहत होते. भाषा डोळ्यांना वळण लावते ते बोलण्याच्या तयारीत. त्यावरून मनच निराळे घडले असे म्हणणे घाईचे होईल.

तेव्हा शिबिरातल्या मुलांनी चेंडू घरंगळताना पाहिला असता, तर त्यांना तो नक्कीच घरंगळताना दिसला असता. गोंधळ झाला तो वाक्य वहीत उतरवताना.

म्हणून टाल्मीचे कपाट बाजूला ठेवून त्याचा प्रश्न तेवढा वर्गात न्यावा, असे मला वाटते. वाक्य इंग्रजी असो की मराठी, मुलांना विचारावे : क्रियापदाने काय सांगितले आणि क्रियापदाबाहेर काय राहिले? 'द बॉय रॅन इंटू द रूम' याचे 'मुलगा खोलीत धावला' असे भाषांतर केले, तर तो बहुधा खोलीतल्या खोलीत धावत राहतो. 'धावत खोलीत आला' म्हटले की उंबरठा ओलांडला जातो. हा फरक मुलांनीच शोधला, तर 'इन' आणि 'इंटू' वेगळे शिकवावे लागणार नाहीत. आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी उदाहरण फळ्यावर लिहिताना 'घरंगळत', 'घसरत', 'तरंगत' या शब्दांखाली रेघ ओढावी. मराठी व्याकरणाच्या दृष्टीने ते शब्द गाळण्याजोगे आहेत, पण ४.९ आणि ३.५ यांतला सगळा फरक त्यांच्यातच आहे.