भट्टीतून उठलेले सृष्टिस्तवन

पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक जून २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२३ साली ‘लाउदाते देउम’ ही त्याची पुरवणी आली, आणि २१ एप्रिल २०२५ रोजी पोपमहोदय प्रभुघरी गेले. एवढ्या अवधीनंतर हा ग्रंथ आपल्या धर्मग्रामांत कसा वाचला गेला, हे तपासणे उचित ठरेल. बहुधा तो वृक्षारोपणाचे पत्रक म्हणून वाचला गेला. रोपे लागली हे चांगलेच झाले. परंतु सहा प्रकरणांच्या या ग्रंथाचा गाभा तेवढ्यात सामावत नाही.

याचे एक कारण आपल्या साहित्यपरंपरेत आहे. सृष्टी म्हटली की मराठी ख्रिस्ती लेखणीला बाग आठवते. रेव्हरंड टिळक फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले गेले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई’च्या लढ्यात उतरले ते वसईची हिरवळ आणि पाणी राखण्यासाठी. ही परंपरा थोर आहे. पण शिरोली एमआयडीसीतील फौंड्रीत लोखंड चौदाशे अंशांच्याही वर तापवून वाळूच्या साच्यांत ओतले जाते. तेथे घाम गाळणाऱ्या कुटुंबाला बागेची प्रतिमा परकी वाटते. आपण आरोपीच्या पिंजऱ्यात आहोत असे समजून ते ग्रंथ मिटून ठेवण्याचा संभव अधिक.

वस्तुतः कॅथलिक बायबलमधील सर्वांत विस्तृत सृष्टिस्तवनांपैकी एक बागेत गायिलेलेच नाही. ते दानियलाच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात, धगधगत्या भट्टीत उभ्या असलेल्या तिघा तरुणांच्या मुखी आहे. ते सूर्यचंद्रांना, दवाला, हिमाला, नद्यांना, पशुपक्ष्यांना आणि खुद्द अग्नीलाही परमेश्वराच्या स्तुतीसाठी बोलावतात. ख्रिस्तसभेच्या रविवारच्या प्रभातप्रार्थनेत हे गीत आजही म्हटले जाते. परिपत्रकाला ज्या गीतावरून नाव मिळाले, त्या संत फ्रान्सिसच्या गीतातही अग्नीला बंधू म्हटले आहे. तेव्हा अग्नी हा सृष्टीचा शत्रू नव्हे. दोष आहे तो भट्टी सातपट तापवण्याच्या राजाज्ञेत. आणि त्या कथेतील सर्वांत बोचणारा तपशील असा की, ज्वाळांनी आज्ञा देणारा राजा होरपळला नाही. त्याच्या हुकमाचे ताबेदार होरपळले.

हा तपशील शिरोलीला समजावून सांगावा लागत नाही. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, आणि पाऊस कोसळतो तो अधिक जोराने. पुराला नदीपात्रातील अतिक्रमणांसारखी इतर कारणेही असतात. तरीही २०१९ व २०२१ साली पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांपलीकडे मजल मारली आणि शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा जगाच्या चुलीची आच कोणाच्या उंबऱ्याशी पोहोचते, हे उघड दिसले.

परिपत्रकाचे सामर्थ्य असे की पृथ्वीचा आक्रोश आणि दीनांचा आक्रोश ते एकच मानते. मनुष्याच्या श्रमाला ते सृष्टीच्या राखणीत सन्मानाचे स्थान देते आणि रविवारच्या विश्रांतीला निसर्गाच्या विश्रांतीशी जोडते. त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. धनसत्तेवर ते परखडपणे बोलते, दीनांविषयी कळवळ्याने बोलते. पण या दोहोंच्या मध्ये अडकलेला छोटा कारखानदार त्यात पुरेसा दिसत नाही. मोठ्या कंपनीने ठरवलेला भाव, बँकेचा हप्ता आणि विजेचे बिल यांत तो पिचलेला असतो. त्याला नुसते ‘परिवर्तन करा’ म्हणणे सोपे आहे. नवी भट्टी घेण्याचा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न ग्रंथ वाचून झाल्यावरही उरतो.

तो सोडवणे आता आपले काम आहे. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर या सृष्टिकाळात रोपाबरोबरच कामगार आणि मालक यांना एका बाकावर बसवून हे परिपत्रक वाचले जावे. वापरलेली वाळू पुन्हा वापरात कशी येईल, वीज कोठे वाया जाते, उन्हाळ्यात भट्टीपुढील माणसाला सावली, पाणी आणि विसावा मिळतो का, हे प्रश्न वेदीपासून दूरचे नाहीत. ख्रिस्तयागात आपण भाकर अर्पण करतो ती भूमीची देणगी आणि मानवी हातांचे श्रम म्हणून. बाग त्यातील पहिल्या अर्ध्याची आठवण देते. दुसऱ्या अर्ध्याची आठवण भट्टीने द्यावी. त्या तिघा तरुणांनी स्तवन म्हटले ते भट्टीबाहेर पडल्यावर नव्हे, आत असतानाच.