शिबिर उठल्यावर मोजायचं काय? अल्पकालीन वैद्यकीय मोहिमांवरचं संशोधन वाचताना

पीएच.डी.चा प्रस्ताव लिहायला बसलेल्या विद्यार्थ्यांकडून एक विषय हमखास ऐकू येतो: 'आरोग्य शिबिरांचा ग्रामीण जनतेवर होणारा परिणाम'. विषय चांगलाच आहे. पण यावर जे छापलं गेलंय, त्यातला बराचसा मजकूर परिणामाबद्दल नसतोच. तो शिबिर घेणाऱ्यांनी केलेल्या कामाबद्दल असतो. काम आणि परिणाम या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढची तीन-चार वर्षं वाया जाऊ शकतात. म्हणून आज एक शोधनिबंध समोर ठेवून ही गल्लत कुठे होते ते बघू. मी तो नवेगाव बांधला बसून वाचतेय, त्यामुळे उदाहरणं इकडचीच येतील.

आधी शब्द नीट लावू

'अल्पकालीन वैद्यकीय मोहीम' म्हणजे डॉक्टर, नर्स, वैद्यकीय विद्यार्थी यांचा चमू काही दिवसांसाठी आरोग्यसेवा तोकड्या असलेल्या भागात जातो, रुग्ण तपासतो, कधी शस्त्रक्रिया करतो आणि परत येतो. जगभरच्या संशोधनात हे चमू बहुतेक करून श्रीमंत देशांतून गरीब देशांत जाणारे असतात. आपल्याकडे तोच प्रकार देशातल्या देशात चालतो. नागपूरहून किंवा मुंबईहून रविवारी गाडी येते, शाळेच्या वर्गांत टेबलं लागतात, संध्याकाळी गाडी परत जाते. अंतर बदलतं, रचना तीच राहते. त्यामुळे परदेशी मोहिमांवरचे निबंध अर्जुनी मोरगाव तालुक्यात काम करणाऱ्यालाही उपयोगी पडतात.

मराठी माणसाला 'परदेशी वैद्यकीय मोहीम' म्हटलं की एकच नाव आठवतं: सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. यातले चोळकर आपल्या नागपूरचे. किती जणांना हे माहीत होतं? कोटणीस तिकडेच राहिले, चिनी भाषा शिकले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांचं पुस्तक आणि व्ही. शांताराम यांचा १९४६ चा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट, दोन्ही त्यांच्यावर.

त्यांचं मोठेपण वादातीत आहे. इथे मुद्दा वेगळा आहे. वैद्यकीय मोहीम आपल्या लक्षात राहते ती गेलेल्या माणसाची गोष्ट म्हणून: त्याने काय सोडलं, काय सोसलं, तो काय शिकला. ज्यांच्यावर उपचार झाले त्यांचं पुढे काय झालं, हे गोष्टीत क्वचित येतं. संशोधनातही अगदी हेच झालंय.

सायक्स यांचा निबंध

केव्हिन सायक्स यांचा अल्पकालीन वैद्यकीय सेवा-दौऱ्यांवरचा पद्धतशीर आढावा २०१४ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ'मध्ये आला. पद्धतशीर आढावा म्हणजे आधी शोधाचे नियम ठरवायचे, त्या नियमांत बसणारे सगळे निबंध गोळा करायचे आणि मग त्यातून निष्कर्ष काढायचा. सायक्स यांनी मे २०१३ मध्ये शोध घेतला. १९९३ पासूनच्या लेखांमध्ये प्रत्यक्ष आकडेवारीवर आधारलेले निष्कर्ष देणारे किती सापडले? ६७. म्हणजे वीस वर्षांत या विषयावर जे लेख छापले गेले त्यातले फक्त ६ टक्के. आणि त्या ६७ पैकी जवळपास ८० टक्के शस्त्रक्रियांच्या दौऱ्यांवरचे.

हे दोन आकडे एकत्र वाचा. पहिला सांगतो की बाकीचे ९४ टक्के लेख म्हणजे वर्णनं, अनुभव, मतं, सल्ले. ती वाईट असतात असं नाही, पण 'परिणाम झाला' या वाक्याला त्यांचा आधार देता येत नाही. दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शस्त्रक्रिया मोजायला सोपी असते. दुभंगलेला ओठ शिवला, मोतीबिंदू काढला. सुरुवात आणि शेवट दोन्ही दिसतात. पण गावात येणारं शिबिर बहुधा 'सर्वरोगनिदान' असतं: रक्तदाब, साखर, सांधेदुखी, अशक्तपणा, खरूज. या शिबिरांबद्दल आपल्याला फार कमी माहिती आहे, कारण त्यांचं यश-अपयश शिबिराच्या दिवशी दिसतच नाही.

आता माझा आक्षेप. सायक्स यांचा उपाय असा की चमूंनी दौऱ्यातच आकडेवारी गोळा करावी, म्हणजे त्यांच्या पद्धती तपासता येतील आणि सुधारणा कुठे हवी ते कळेल. ऐकायला रास्त आहे. पण जो रविवारी संध्याकाळी निघणार, तो रविवार संध्याकाळपर्यंतचंच मोजू शकतो. त्याने कितीही काटेकोर नोंदी ठेवल्या तरी त्या त्याच्या कामाच्या नोंदी. रुग्णाचं काय झालं ते सहा महिन्यांनी कळतं, आणि तेव्हा तिथे फक्त आशाताई, उपकेंद्राची नर्स आणि घरची माणसं असतात. मोजणी कोणी करायची हा प्रश्न या उपायात सुटत नाही.

सिकलसेलचं उदाहरण घ्या

गोंदिया, गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर या पट्ट्यात सिकलसेल काय असतो हे वेगळं सांगावं लागत नाही. शिबिरात याची चाचणी सहज होते. बोटातून रक्ताचा थेंब घेतला, द्रावणात टाकला, काही मिनिटांत निकाल. याला सोल्युबिलिटी चाचणी म्हणतात. ही चाळणी आहे, निदान नाही. 'पॉझिटिव्ह' आलेला माणूस सिकलसेलचा नुसता वाहक आहे की त्याला प्रत्यक्ष आजार आहे, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते.

फरक केवढा आहे बघा. वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो, औषध लागत नाही. फक्त लग्नाच्या वेळी माहिती हवी, कारण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ज्याला आजार आहे त्याला मात्र रोजचं औषध, वेळोवेळी रक्ततपासणी आणि दुखणं उठलं की लगेच दवाखाना लागतो, तोही आयुष्यभर.

आता शिबिराच्या अहवालात काय येईल? 'इतक्या जणांची सिकलसेल तपासणी, इतके पॉझिटिव्ह.' चमूच्या दृष्टीने काम झालं. पण पुढची तपासणी झाली नसेल, तर वीस वर्षांची एखादी मुलगी 'पॉझिटिव्ह' हा एकच शब्द घेऊन घरी जाते. आजार आहे की नाही हे तिला माहीत नाही, पण गावाला कळलेलं असतं. तिचं जुळत आलेलं लग्न मोडू शकतं. हा परिणाम आहे, आणि तो कोणत्याही रकान्यात नाही. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, ४० वर्षांखालच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. त्यामुळे येत्या काळात हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहणार आहे. विषय शोधत असाल तर इथे खरोखर काम आहे.

छेद कुठे आहे?

शाळेत अपूर्णांक शिकलो, तेव्हा वर अंश आणि खाली छेद. शिबिराच्या अहवालात नेहमी अंश असतो, छेद नसतो. 'पाचशे रुग्णांना लाभ'. कितीपैकी पाचशे? जे आले नाहीत ते कोण?

छेद असला की काय होतं याचं उत्तम उदाहरण शेजारच्या गडचिरोलीत आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीचा निबंध छापला. तक्रार घेऊन आलेल्या बायका तपासून ते थांबले नाहीत. गाव हे एकक धरून तक्रार नसलेल्या स्त्रियाही तपासल्या. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला, आणि याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. नुसतं शिबिर लावलं असतं तर ज्यांना त्रास बोलून दाखवता येतो त्याच आल्या असत्या, आणि बाकीच्यांना काही होत नाही असाच समज राहिला असता.

आपल्या भागात तर कोण येणार हे हंगामावर ठरतं. रोवणीच्या दिवसांत शिबिर घेतलं तर बांधीत उभे असलेले हात येणार नाहीत. मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत अर्धं गाव पहाटेच जंगलात. म्हणून बहुतेक शिबिरं हिवाळ्यात, मुख्य रस्त्यावरच्या गावात. अंथरुणाला खिळलेली म्हातारी तिथेही पोचत नाही. एखाद्या निबंधात शिबिराचा महिना आणि ठिकाण दिलेलं नसेल, तर रुग्णसंख्येवरून गावाच्या आरोग्याबद्दल काहीही ठरवू नका.

नुकसानही मोजावं लागतं

'फायदा झाला नाही तरी तोटा तर नाही ना?' असं मार्गदर्शकही म्हणतात. नोव्हेंबर २०१४ आठवा. शेजारच्या छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ ८ तारखेच्या एका नसबंदी शिबिरात काही तासांत ८३ महिलांवर शस्त्रक्रिया झाल्या. एका सर्जनने दिवसात ३० पेक्षा जास्त करू नयेत असा नियम असताना. त्या आणि त्याच आठवड्यातल्या दुसऱ्या शिबिरानंतर मिळून १३ जणी दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देविका विश्वास खटल्यात तीन वर्षांत अशी शिबिरं बंद करण्याचा आदेश दिला.

ते सरकारी शिबिर होतं, स्वयंसेवकांची मोहीम नव्हे, हे मान्य. पण आकडा हेच यश धरलं की काय होतं ते तिथे दिसलं. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ते मृत्यू उघड झाले कारण ते एकाच भागात, काही दिवसांत झाले. हेच नुकसान दीड महिन्यानं, वेगवेगळ्या गावांत, एकेकटं झालं असतं तर? टाके पिकले, डोळा गेला, गोळ्यांनी पोटात जखम झाली. हे कोणाच्या नोंदीत आलं असतं? 'गुंतागुंत: शून्य' असं वाचलंत की पहिला प्रश्न हा विचारा: किती दिवसांपर्यंत पाहिलं?

म्हणजे शिबिरं बंद करायची का?

नाही. ज्याला वीस वर्षं दिसत नव्हतं त्याला दिसायला लागलं, याला कमी लेखू नका. 'सर्च'च्या शोधग्राममध्येही बाहेरचे सर्जन येऊन शस्त्रक्रिया शिबिरं घेतात. पण तिथे कायमचं रुग्णालय आहे. सर्जन येण्याआधी रुग्ण निवडलेले असतात आणि सर्जन गेल्यावर जखम बघणारं कोणीतरी असतं. पाहुणा थोड्या दिवसांसाठी आला यात बिघडत नाही. तो कोणाच्या घरी आला, हे बघायचं.

त्याच संस्थेचा १९९९ चा 'लॅन्सेट'मधला नवजात बालकांवरचा अभ्यासही वाचाच. ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांनी घरोघरी बाळांची काळजी घेतली, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली, आणि दोन्हीकडच्या जन्ममृत्यूंची नोंद ठेवली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. 'परिणाम' हा शब्द वापरायचा अधिकार अशा मेहनतीनंतर मिळतो.

तुमच्या प्रस्तावासाठी

'शिबिरांचा परिणाम' हे शीर्षक खोडा. त्याऐवजी एवढासा प्रश्न घ्या: शिबिरात पहिल्यांदाच रक्तदाब वाढलेला निघाला अशांपैकी सहा महिन्यांनी किती जण औषध घेताहेत, आणि जे घेत नाहीत त्यांची साखळी नेमकी कुठे तुटली? चिठ्ठीच वाचता आली नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात ती गोळी नव्हती, की एसटीचं भाडं परवडलं नाही? या प्रश्नाला छेद आहे, कालावधी आहे, आणि उत्तर आलं तर आरोग्य केंद्राला वापरता येईल.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. एक, नैतिकता समितीची परवानगी शिबिराच्या आधी घ्या. 'उपचारासाठी घेतलेली माहिती नंतर वापरू' हे चालत नाही. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं डाउनलोड करून ठेवा. परदेशी संस्था सोबत असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही लागते, त्याला वेळ लागतो. दोन, पाठपुराव्यात जे सापडत नाहीत त्यांना गाळू नका. कामासाठी बाहेर गेलेले, पत्ता चुकलेले, वारलेले असे वेगवेगळे लिहा. तेच तुमच्या प्रबंधातलं सगळ्यात मोलाचं पान ठरू शकतं.

आणि तुमच्यापैकी जे स्वतः अशा मोहिमेवर जायच्या विचारात आहेत, देशात किंवा परदेशात, त्यांनी फॉर्म भरण्याआधी आयोजकांना एकच प्रश्न विचारावा: आपण गेल्यावर या रुग्णांना कोण बघणार, आणि त्या माणसाशी आपलं बोलणं झालंय का? नाव आणि फोन नंबर मिळाला तर खुशाल जा. नाही मिळाला तर तुमच्या संशोधनाचा विषय तुम्हाला तिथेच मिळाला.