घागरीपाशी सुरू झालेली श्रद्धा : लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ कड्याहून वाचताना

देवाचा शोध आणि ख्रिस्ती श्रद्धेचा आरंभ या विषयावरील मराठी लेखनाला एक ठरीव साचा आहे, हे आपल्या चोखंदळ वाचकांच्या ध्यानात आले असेलच. १८५४ साली बेळगावात बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र घ्या, पंडिता रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेली साक्ष घ्या, नाहीतर रेव्हरंड नारायण वामन टिळकांची सर्वश्रुत हकिकत घ्या. विद्यासंपन्न मनुष्य, त्याच्या मनातील संशय, हाती आलेला ग्रंथ, दीर्घ चिंतन, निर्णय आणि मग आप्तांचा विरह, अशा पायऱ्यांनी ही कथा चढत जाते. सेमिनरीत आम्ही संत ऑगस्टीनची ‘कन्फेशन्स’ अभ्यासली, तीही याच दृष्टीने. बागेतला तो प्रसंग आम्हांला इतका परिचयाचा झाला होता, की श्रद्धेचा आरंभ ग्रंथाच्या पानावरच होतो अशी आमची जवळजवळ समजूतच झाली.

या साच्याची अडचण मला अभ्यासिकेत जाणवली नाही. ती जाणवली बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात, कड्याच्या आसपासच्या वस्त्यांवर. कडा हे नगर–आष्टी रस्त्यावरचे गाव. १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात होते आणि जवळचा नगर जिल्हा इंग्रजी अमलात. १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे असलेले अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथून फार दूर नाही. २०२२ मध्ये नगर–आष्टी रेल्वे सुरू झाल्यापासून तर हे अंतर आणखीच आटोक्यात आले आहे. पण पाऊस मात्र पूर्वीइतकाच बेभरवशाचा. दिवाळी झाली की कोयता घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, ती उन्हाळ्यातच परततात.

तेथे एक तरुण मला भेटला. आजोबा ख्रिस्ती, वडिलांनी देवळाची वाट सोडलेली आणि याला आता नव्याने दीक्षा घ्यावीशी वाटत होती. पण एक गोष्ट त्याला सलत होती. “फादर, आमचे आजोबा बहात्तरच्या दुष्काळात मिलोसाठी ख्रिस्ती झाले, असं गावात सगळे म्हणतात. ते खरं असेल, तर मी कशाचा वारसा मागतोय?” १९७२ च्या त्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल ज्वारी, ती मिलो, ज्यांनी खाल्ली त्यांना त्या शब्दाची चव सांगायला नको. मी त्याला टिळकांची कथा सांगू लागलो. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने दिलेला नवा करार, डोंगरावरील प्रवचनाचा झालेला परिणाम, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत घेतलेला बाप्तिस्मा. त्याने सारे ऐकून घेतले आणि नम्रपणे म्हणाला, “ते पंडित होते, फादर. आमच्या आजोबांना वाचता येत नव्हतं.”

त्या रात्री मी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा उघडले.

१९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेला लक्ष्मीबाई टिळकांचा हा ग्रंथ मराठी आत्मचरित्रांतील एक शिखर मानला जातो, आणि ते योग्यच आहे. मात्र आजवर त्याची वाखाणणी झाली ती बहुधा बोलीतील प्रसन्नतेसाठी, विनोदासाठी आणि एका विक्षिप्त, थोर कवीच्या संसाराचे चित्र म्हणून. आपण कॅथॉलिक वाचकांनी तर ‘ते प्रॉटेस्टंटांचे पुस्तक’ म्हणून त्याला थोडे दूरच ठेवले. श्रद्धेचा आरंभ कसा होतो याचे मराठीतील सर्वांत प्रामाणिक निवेदन या ग्रंथात आहे, हे मात्र फारसे कोणी म्हटलेले माझ्या वाचनात नाही.

ग्रंथाच्या आरंभीच लक्ष्मीबाई आपल्या वडिलांचे सोवळे वर्णन करतात. १८५७ च्या बंडानंतर घरातील एका ज्येष्ठांना फाशी झाली. त्या धक्क्याने वडिलांच्या मनाने शुचितेचा असा ध्यास घेतला, की बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यायची नाही. वाचक हसतो, लेखिकाही हसते. परंतु हा प्रसंग केवळ विनोदाकरिता तेथे आलेला नाही. पुढे जे घडणार आहे त्याची सारी सामग्री येथेच मांडून ठेवलेली आहे: पाणी, भांडे, स्पर्श आणि भय. पतीने धर्मांतर केल्याचे कळल्यावर या बाईंवर जे आकाश कोसळले, ते ईश्वरविषयक सिद्धान्तांचे नव्हते. मुलाला घेऊन त्या पंढरपुरास आप्तांकडे राहिल्या, झुरल्या, दुःखातून कविता रचू लागल्या. आणि अखेर पतीकडे परतल्या, त्याही स्वतःची चूल व स्वतःचे पाणी निराळे ठेवून. त्या वेळी त्या देव शोधीत नव्हत्या. नवरा शोधीत होत्या, आणि तसे सांगायला त्या लाजत नाहीत.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. ‘मिलोसाठी ख्रिस्ती’ म्हणणारा गावकरी लक्ष्मीबाईंना ‘नवऱ्यासाठी ख्रिस्ती’ म्हणू शकेल. वरवर पाहता ते खोटेही ठरणार नाही. पण मग परतल्या त्याच दिवशी त्यांनी बाप्तिस्मा का घेतला नाही? नवरा तर मिळाला होता! टिळकांनी बळजबरी केली नाही, आणि बाईंनीही देखावा केला नाही. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर सुमारे पाच वर्षे गेली. ग्रंथाचे खरे मर्म मला या काळात दिसते. आधी गळून पडला तो जातिभेद. ही भेदाची भिंत देवाने बांधली की माणसांनी, हा प्रश्न बाईंनी स्वतःशीच सोडवला. त्यासाठी कोणाचे प्रवचन ऐकावे लागले नाही, आणि कोणाच्या शास्त्रार्थाचीही गरज पडली नाही. पाण्याची आडकाठी गेली, आणि ख्रिस्तावरील श्रद्धा त्यामागून आली. टिळकांचा क्रम ग्रंथाकडून जीवनाकडे, तर लक्ष्मीबाईंचा घागरीकडून ख्रिस्ताकडे. साहित्य म्हणून पाहता दुसरा क्रम रंगवणे अधिक कठीण, कारण त्यात एकही ‘महान क्षण’ नाही. बाईंनी तो ओढूनताणून आणलाही नाही, हे त्यांच्या लेखणीचे मोठेपण.

योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. दीक्षेची तयारी करणाऱ्या प्रौढांसाठी ख्रिस्तसभेने प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या रविवारी हेच वाचन नेमले आहे. ती स्त्री भर दुपारी विहिरीवर आली ती पाणी भरायला. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात भांड्यांचा व्यवहार नव्हता, आणि प्रभूने नेमके तिच्याकडेच पाणी मागितले. संवादाच्या अखेरीस तिची घागर विहिरीपाशीच राहिली. (जाता जाता सांगतो, हा रविवार येतो तेव्हा आमचे निम्मे दीक्षार्थी उसाच्या फडात असतात. दिनदर्शिका रोममध्ये ठरते आणि गळीत हंगाम कारखान्यात. आम्ही हे वाचन ते परतल्यावर पुन्हा करतो.)

अशाच एका सायंकाळी, लोक फडावरून आल्यानंतर, मी शुभवर्तमानापाठोपाठ लक्ष्मीबाईंची ही हकिकत माझ्या शब्दांत सांगितली. मागे बसलेल्या एका आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “फादर, त्या बाईला दुसऱ्याचं पानी पिऊ वाटंना, आन् आमाला कुनी पिऊ देईना. मंग दोघींला एकच देव कसा काय घावला?”

‘स्मृतिचित्रां’वर इतके मर्मग्राही भाष्य मी कोणत्याही समीक्षाग्रंथात वाचलेले नाही. आजींनी ग्रंथाचे बळ ओळखले आणि त्याची मर्यादाही. लक्ष्मीबाईंनी भिंत आतून पाडली. भिंतीच्या बाहेर जे उभे होते त्यांची हकिकत या ग्रंथात त्यांच्या तोंडून येत नाही, आणि येणे शक्यही नव्हते. नगर, राहुरी येथील मिशनच्या आवारातील गोरगरीब माणसे लक्ष्मीबाईंनी प्रेमाने रंगवली आहेत, तरी पाहणारी नजर त्यांची स्वतःचीच आहे. आणखी एक उणीव मला जाणवते. एकांतातील प्रार्थनेचे चित्र या ग्रंथात फार थोडे आहे. संस्कारांवर जगणाऱ्या आपल्या वाचकाला ते चुकल्यासारखे वाटेल. त्याची काहीशी भरपाई ‘ख्रिस्तायना’त होते. टिळकांनी अपुरे ठेवलेले ते काव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले व त्यांच्या निधनानंतर, १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. परंतु ओवीत बांधलेली भक्ती आणि गद्यातली रोजची प्रार्थना या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळतो. धान्य आले नव्हते असे मी त्याला सांगितले नाही. भुकेल्या घरात धान्य आले, आणि ते आणणाऱ्यांमध्ये धर्मगुरू व धर्मभगिनीही होत्या. त्यात लपवण्यासारखे काय आहे? पण मिलो संपली, दुष्काळ सरला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीतील मनुष्य ख्रिस्ती झाला की त्या सवलतींना मुकतो. शीख व बौद्ध बांधवांना त्या पुढे मिळाल्या, ख्रिस्ती माणसाला अद्याप नाहीत. म्हणजे पोटाचा हिशेब करणाऱ्याने केव्हाच माघारी फिरायला हवे होते. त्याचे आजोबा अखेरपर्यंत रविवारी पायी मिस्सेला येत, हे वस्तीवरच्या दोन-तीन वृद्धांनी मला सांगितले. धान्याने ते दारापर्यंत आले असतील. पुढची वर्षे ते कशासाठी येत राहिले, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही. पंडित रमाबाईंनीही आपल्या साक्षीत, बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त पुढे लाभला, अशा आशयाची कबुली दिलीच आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या विदुषीला जी सवलत आपण आदराने देतो, ती कड्याच्या शेतमजुराला नाकारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

१६१६ मध्ये राशोलला छापल्या गेलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून आपल्या साहित्यात श्रद्धा शिकवणाऱ्यांचा आवाज चारशे वर्षे अखंड ऐकू येतो. शिकणाऱ्यांचा आवाज त्या मानाने क्षीण आहे, आणि जो आहे तोही शिकलेल्या घरांतला. ‘स्मृतिचित्रे’ बाईंनी विद्वत्तेच्या बळावर लिहिली नाहीत. जेमतेम लिहायला-वाचायला शिकलेल्या गृहिणीने बोलावे तशी लिहिली. म्हणूनच वस्त्यांवरच्या माणसाला तोच नमुना हाताशी घेता येईल असे मला वाटते.

मी त्या तरुणाला एक दोनशेपानी वही दिली आणि आजींकडे पाठवले. त्या त्याच्या आजोबांच्या नात्यातल्याच निघाल्या. आतापर्यंत चार पाने झाली आहेत, आणि त्यांतली तीन विहिरीविषयी आहेत. पाचव्या पानावर बाप्तिस्म्याचे साल आले. आजी म्हणतात, दुष्काळाच्या आधी, आणि गाव म्हणते, दुष्काळात. तेवढ्यासाठी त्याने मला धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या पाहायला सांगितले आहे.