लग्न, कोयता आणि ‘मित्राची गोष्ट’

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता नाकारली. दुसऱ्या दिवशी मी घाटनांदूरला होतो. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आलेला. स्टेशनाजवळच्या हॉटेलात वर्तमानपत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होतं. चिडलेलं कुणी दिसलं नाही. एक वयस्क गृहस्थ म्हणाले, ‘‘राहायचं तर राहा की दोघं. पण लग्न म्हणल्यावर मानपान कुणी कुणाचा करायचा?’’ शेजारच्या मुकादमाने विचारलं, ‘‘आन् उचल कुणाच्या नावावर द्यायची?’’ ज्याचं त्याला ठरवू द्या, असं एक कॉलेजातला मुलगा म्हणाला. म्हणताना मात्र बाहेर रस्त्याकडे बघत होता.

वाहिन्यांवर त्या आठवड्यात एकीकडे ‘संस्कृती’ आणि दुसरीकडे ‘हक्क’ एवढेच दोन शब्द भांडत होते. त्यापेक्षा हॉटेलातले दोन प्रश्न मला जास्त अस्सल वाटले. केंद्र सरकारने न्यायालयात ही मागणी म्हणजे शहरी उच्चभ्रूंचं मत असल्याचं म्हटलं होतं. सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात ते खोडलं; शेतात राबणारी खेड्यातली बाईही समलिंगी असू शकते, असा त्यांचा आशय. विवाह हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं. अशा जोडप्यांच्या नात्याला विवाहाबाहेर कायदेशीर मान्यता द्यावी का, यावर तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली. त्याच वर्षी प्यू रिसर्चच्या पाहणीत ५३ टक्के भारतीय अशा विवाहाच्या बाजूने, ४३ टक्के विरोधात निघाले. पाहणीला हो किंवा नाही लागतं. ‘मानपान कुणाचा’ हे उत्तर कोणत्या रकान्यात भरायचं?

आता आपल्या साहित्याकडे पाहावं, तर ते या खटल्यात केंद्राचाच साक्षीदार वाटेल. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) कॉलेजात घडतं, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात. ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटातल्या दोघी स्त्रिया आश्रमातल्या आहेत खऱ्या, पण त्या येतात अधीक्षिकेपुढचा पेच म्हणून; त्यांना घर नाही, सोयरे नाहीत.

तरी हे वाचन अपुरं आहे. आपल्या समीक्षेने या कृती ‘वेगळ्या कला’च्या गोष्टी म्हणून वाचल्या. मला त्या लग्नाच्या गोष्टी वाटतात. रोहिणी हट्टंगडी यांनी साकारलेल्या मित्राला स्वतःची ओळख पटते ती लग्नाचं स्थळ सांगून आल्यावर. ते स्थळ आलं नसतं, तर तिचं वेगळेपण कदाचित बरीच वर्षं नुसता खोडकर धीटपणा म्हणून खपलं असतं. शीर्षकही पाहा. ‘मित्र’ आणि ‘मित्रा’, दोघांचं षष्ठीत ‘मित्राची’च होतं. मराठी व्याकरण तिला जी सवलत देतं, ती घर देत नाही. शेवटी तिची गोष्ट सांगायला उरतो तो बापू.

‘कोबाल्ट ब्लू’मध्ये भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. अनुजा त्याच्याबरोबर पळून जाते, एकटी परतते. तिच्या जाण्याने घर हादरतं. पळून जाणं, अब्रू जाणं, पुन्हा स्थळं पाहणं – या संकटासाठी घरापाशी शब्द तयार असतात. तनयही तोच माणूस गमावून बसला आहे. पण त्याचं काय गेलं, हे कुणी विचारत नाही, कारण विचारायला शब्दच नाही. जावई, व्याही, साडू, विहीण – लग्न माणसाला हक्क देतं त्याआधी नातेवाचक शब्द देतं. मानपानाचा प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांना हे अनेक समीक्षकांहून आधी कळलं होतं.

आता मुकादमाचा प्रश्न. बीड जिल्ह्यात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि उचल मिळते ती कोयत्याला. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. हंगामाआधी घाईने लग्नं उरकण्यामागे हा हिशेब असतो. इथे ४० टक्क्यांहून अधिक मुलींची लग्नं अठराच्या आत होतात. त्यामुळे ‘लग्नसंस्थाच जाचक, मग तिच्यात शिरायचा हट्ट कशाला?’ हा स्त्रीवादी आक्षेप इथे पुस्तकी राहत नाही. मला तो अर्धाच पटतो. ज्याला लग्न नको, त्याने ते नाकारावं. पण जिला ते मिळूच शकत नाही, तिच्याकडे नाकारण्यासारखं काय आहे?

संस्कृतीचं म्हणाल तर अंबाजोगाई इथून फार लांब नाही. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगड झालं आणि देवी कुमारिकाच राहिली, अशी कथा आहे. जिचं लग्न झालं नाही, तिच्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या लोक लग्नाची पत्रिका ठेवत आले आहेत. त्यात कुणाला काही वावगं वाटलेलं नाही. अर्थात ती देवी आहे.

ऊसतोडीवर मराठीत कथा-कादंबऱ्या आल्या. फडावरची थंडी, पाचटाची कोपी, मुकादमाची वही, सगळं आलं. दोन अर्धे कोयते, दोन्ही बायकांचे, एका कोपीत राहतात आणि वहीत एका ओळीवर नाव मागतात, ही गोष्ट मात्र माझ्या वाचनात आलेली नाही.