रुची, आस्था आणि हितसंबंध : विस्कॉन्सिनच्या जीवरसायनशास्त्र विभागाचे एक वाचन

अमेरिकेतील विद्यापीठांच्या जीवरसायनशास्त्र विभागांची पदव्युत्तर माहितीपत्रके चाळताना प्रत्येक अध्यापकाच्या नावापुढे एक-दोन ओळी आढळतात : 'प्रथिनांची घडण', 'विकरांची कार्यपद्धती', 'आरएनएचे नियमन'. या ओळींना तेथे 'रिसर्च इंटरेस्ट' म्हणतात. प्रस्तुत लेखक मराठीचा अध्यापक असल्याने या ओळींतील विज्ञानाचे मूल्यमापन करण्याचा त्याला अधिकार नाही. मात्र त्या ओळी हाही एक लेखनप्रकार आहे आणि त्याची समीक्षा होऊ शकते. या लेखनप्रकारात कर्ता नसतो, क्रियापद नसते आणि प्रश्नचिन्ह तर नसतेच. ज्ञानाचा एक तुकडा कुंपण घालून दाखवावा, एवढेच कार्य ही ओळ करते. कुंपणाच्या आत काय घडते आणि मुख्य म्हणजे बाहेरून आत काय येते, याविषयी ती मौन पाळते.

या मौनाची किंमत समजून घ्यायची तर विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील विभागाकडे पाहणे उपयुक्त ठरते. हा विभाग १८८३ मध्ये कृषिरसायनशास्त्र विभाग म्हणून सुरू झाला. त्याची पहिली आस्था गाय होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० मध्ये दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी पद्धत दिली. पुढे १९०७ ते १९११ या काळात सोळा कालवडींचे चार गट करून त्यांना मका, गहू, ओट आणि या तिन्हींचे मिश्रण असा वेगवेगळा आहार देण्यात आला. रासायनिक विश्लेषणाच्या दृष्टीने हे चारही आहार सारखेच होते. तरीही मक्यावरच्या कालवडी धष्टपुष्ट राहिल्या आणि गव्हावरच्यांची वासरे दुबळी किंवा मृत जन्मली. तत्कालीन रसायनशास्त्राच्या कोष्टकात न मावणारे काहीतरी चाऱ्यात आहे, हे त्या गोठ्यात उघड झाले. याच विभागात १९१३ मध्ये मॅकॉलम आणि मार्गरिट डेव्हिस यांनी स्निग्धांशात विरघळणारा 'अ' घटक दाखवून दिला.

कार्ल पॉल लिंक यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. ते मुळात वनस्पतींतील शर्करांचे अभ्यासक. फेब्रुवारी १९३३ मध्ये बर्फाच्या वादळातून एक शेतकरी त्यांच्या प्रयोगशाळेत आला. सोबत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त आणि सुमारे शंभर पौंड बुरसटलेले स्वीट क्लोव्हर गवत. पशुवैद्यकाचे कार्यालय बंद होते म्हणून तो इकडे वळला होता! या गवतावरचे एक वेगळे काम लिंक यांच्याकडे त्याआधीच आले होते, त्यामुळे हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. मात्र त्यांच्या नावापुढे तेव्हा एखादी ओळ छापली असती, तर त्या ओळीत हा कॅन नसता. रक्त गोठू न देणारे द्रव्य, डायक्युमेरॉल, स्फटिकरूपात हाती येण्यास १९३९ साल उजाडले. त्याच मालिकेतील वॉरफॅरिन १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांचे औषध म्हणून वापरले जाऊ लागले.

'वॉरफॅरिन' या नावात 'वॉर्फ' ही संस्था दडलेली आहे आणि येथे 'इंटरेस्ट' शब्दाचा दुसरा अर्थ डोके वर काढतो : हितसंबंध. हॅरी स्टीनबॉक यांनी अतिनील किरणांनी अन्नात 'ड' जीवनसत्त्व निर्माण करण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले आणि त्याच्या व्यवस्थापनासाठी १९२५ मध्ये हे प्रतिष्ठान स्थापन झाले. उत्पन्न संशोधनाकडे परत वळवणारी ही रचना कौतुकास्पद होतीच. परंतु लोण्याचा धंदा सांभाळण्यासाठी मार्गारीनच्या उत्पादकांना हा परवाना नाकारला गेला, म्हणजे गरिबाच्या पावावर जे लावले जाते ते पोषणापासून वंचित ठेवले गेले. १९४० च्या दशकात न्यायालयाने ही एकस्वे अवैध ठरवली. 'ड जीवनसत्त्व' एवढ्या निरागस दोन शब्दांत यातले काहीही उमटत नाही.

हरगोविंद खोराना याच विद्यापीठात १९६० ते १९७० या काळात होते आणि १९६८ चे नोबेल त्यांना तेथील कामासाठी मिळाले. नंतर एमआयटीत त्यांनी जनुकसंश्लेषणाचे काम पुरे करून पेशीपटलातील प्रथिने व ऱ्होडॉप्सिन यांकडे मोर्चा वळवला. मराठी वाचकाला येथे कमला सोहोनी आठवाव्यात. केंब्रिजमध्ये वनस्पतींतील सायटोक्रोम 'सी' आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेतील पोषणद्रव्ये : हा प्रवास एका ओळीत कसा बसवायचा? तो रुचीतील बदल मानावा की देशाच्या गरजेने दिलेला प्रतिसाद, याचे उत्तर ओळ देत नाही.

अमेरिकी पद्धतीचा एक गुण मान्य करावा लागतो. तेथे विद्यार्थी पहिल्या वर्षी आळीपाळीने दोन-तीन प्रयोगशाळांत काम करून मग मार्गदर्शक निवडतो, त्यामुळे माहितीपत्रकातील ओळ फक्त दार उघडते. आपल्याकडे मात्र प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएच.डी. विद्यार्थी या मर्यादेत रिक्त जागा किती, हाच बहुधा निर्णायक प्रश्न असतो. २०२२ च्या विनियमांनी बंद झालेल्या एम.फिल.साठी प्रस्तुत लेखकाने लिहिलेल्या प्रबंधिकेचा विषयही असाच, उरलेल्या जागेने ठरला होता. विषय वाईट नव्हता, पण तो माझा होण्यास दीड वर्ष लागले.

आता महाविद्यालयाच्या माहितीपत्रकासाठी दरवर्षी आपल्यापुढे तोच रकाना येतो : संशोधनाचे क्षेत्र. माझ्या नावापुढे 'आधुनिक मराठी समीक्षा' असे छापलेले आहे. गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी आजीच्या ओव्यांची वही घेऊन विभागात आली, दारावरचा तक्ता वाचला आणि 'सर, हे तुमच्यात बसत नाही ना?' असे विचारून उत्तराची वाट न पाहता परत निघाली. मी तिला जिन्यात गाठले. वही सध्या माझ्या टेबलावर आहे, रकाना मात्र अजून तसाच आहे.