'चुकणे' आणि 'मिस करणे'

माजिवडा नाक्यावर, जेथे घोडबंदर रस्ता मुंबई-नाशिक महामार्गास मिळतो, तेथे 'माझी बस चुकली' याच्या जोडीने 'मी बस मिस केली' हेही वाक्य आज सहज कानी पडते. दोहोंचा अर्थ एकच, हे मत आम्हांस मान्य नाही. पहिल्या वाक्यात चुकते ती बस. प्रवासी केवळ षष्ठीचा धनी. 'त्याने बस मिस केली' म्हणताच त्याला तृतीयेतले कर्तृत्व लाभते, आणि तेही त्याच्या हातून न घडलेल्या क्रियेचे!

इंग्रजी धातू जर्मानिक कुळातला. नेम हुकणे हा त्याचा जुना अर्थ. कोणाची उणीव जाणवणे हा मागाहून आलेला. संस्कृत 'मिथ्या' त्याचा दूरचा आप्त मानला जातो. 'चुकणे' प्राकृतातून आले. बाराव्या शतकात हेमचंद्राने 'चुक्क' हा 'भ्रंश्' धातूचा आदेश म्हणून नोंदविला आहे.

'मिस'मधील विरहच्छटा मराठीत नाही, हा समज तर निराधारच. 'तू गेल्यापासून चुकल्याचुकल्यासारखे होते' या वाक्यात हुकण्यापासून विरहापर्यंतचा तोच प्रवास आपल्या धातूनेही केलेला आहे. मात्र येथे 'तू' कर्म होत नाही. 'तुझी आठवण येते' म्हणतानाही आठवण आपल्या पायांनी येते, बोलणारा निमित्तमात्र. 'मी तुला मिस करते' यात विरह थेट त्या व्यक्तीला जाऊन भिडतो. तरुण वक्त्यांना हवे आहे ते बहुधा हेच. तरीही 'बस मिसली' असे कोणी म्हणत नाही. 'करणे'च्या आधारावाचून हा धातू मराठीत अद्याप उभा राहिलेला नाही.